झाकण घट्ट लावा, जार परत करा

माझा जार परत येतो. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचताना तुमचा त्यावरचा विश्वास अधूनमधून डळमळेल.

मी संघपाल. मुक्ताईनगरात माझा थंड पाण्याचा धंदा आहे. लग्न असो, दहावं असो, विहारातला कार्यक्रम असो की शाळेतल्या गुरुजींचा निरोप समारंभ, पाणी माझंच. निळे, बुटके, दणकट जार. प्रत्येक जारवर पेंटरकडून पांढऱ्या ऑइलपेंटने लिहून घेतलंय : 'प्रज्ञा जल, मुक्ताईनगर. झाकण घट्ट लावा. जार परत करा.' आणि त्याखाली मोबाइल नंबर.

प्रज्ञा म्हणजे माझी बायको. नंबरसुद्धा तिचाच. पेंटरने ब्रश बुडवून विचारलं, "नंबर काय टाकू?" तर मला माझा नंबर आठवेना. माणूस स्वतःला कशाला फोन करतो? तिचा मात्र तोंडपाठ होता. तोच सांगून टाकला. तेव्हापासून पाण्याची ऑर्डर तिला, तक्रार तिला, आणि रात्री-अपरात्री "ताई, बर्फ वितळला" हेही तिलाच.

या धंद्यात पाणी विकणं सोपं, जार परत मिळवणं अवघड. लोकांना वाटतं, जार म्हणजे आलेल्या पाहुण्यांपैकी एक आहे, राहिला चार दिवस तर काय बिघडलं. कुणी त्यात डिझेल भरतं, कुणी सरकी भिजवतं. बोदवडच्या एका लग्नात जार मोजले तर एक कमी. मी आचाऱ्याला विचारलं, मंडपवाल्याला विचारलं, शेवटी नवरीच्या गाडीत डोकावलो. सगळे रडत होते आणि जार नवरीच्या मांडीशी होता. "वाटेत प्यायला दिलाय," नवरीचा मामा म्हणाला. मी नवरीला बाटली भरून दिली, सुखाने नांद म्हणालो आणि जार काढून घेतला. सांगायचा मुद्दा, माझा जार परत येतो.

आणि यात नुसत्या जारचा प्रश्न नव्हता. लग्नानंतर प्रज्ञाने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. "मला एकदा समुद्र बघायचाय," ती म्हणाली होती. तिचं माहेर शिरपूरकडचं, तापीच्या काठावरचं. लहानपणी ती काठावर बसून आईला विचारायची, एवढं पाणी जातं कुठे? आई म्हणायची, समुद्राला. तेव्हापासून ते पाणी पोचतं ती जागा बघायची तिच्या मनात होती. मागणं मोठं नव्हतं. पण उन्हाळ्यात लग्नं, पावसाळ्यात दुरुस्ती, हिवाळ्यात भरीत पार्ट्या. पाण्याच्या माणसाला पाणी बघायला जायला सवड नव्हती. एकदा तिने फारच लावून धरलं तेव्हा मी जारवर हात ठेवून म्हणालो, "तुझ्या नावाचे जार आहेत हे. ज्या दिवशी यातला एक जरी कायमचा जाईल, त्या दिवशी तुला समुद्र दाखवीन."

ती म्हणाली, "कबूल."

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी गाडी उतरवायला लागलो की ती दारात येऊन विचारायची, "गेला का एखादा?" आणि मी छाती काढून म्हणायचो, "सगळे आले." ती हसून आत जायची. ते हसू मला तेव्हा कौतुकाचं वाटायचं.

तर, गेल्या श्रावणात हतनूर धरणाच्या खालच्या अंगाला, तापीकाठच्या एका गावात आमच्या खानदेशच्या कानबाई देवीचा उत्सव होता. ऑर्डर सुंदरबाई नावाच्या मावशींची. त्यांच्या घरची कानबाई, गावभरचे पाहुणे, रात्रभर जागर, आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर निरोप. मी आणि माझा ड्रायव्हर भिकनभाऊ, आम्ही पंचवीसेक जार आणि त्यांच्या खाली ठेवायच्या, नाव लिहिलेल्या प्लास्टिकच्या बैठका घेऊन गेलो. भिकनभाऊ माझ्यापेक्षा वयाने मोठे. गाडी सावकाश चालवतात आणि बोलतात त्याहून सावकाश.

निरोपापर्यंत सगळे जार रिकामे झाले. मी ते नदीकाठी ओळीने मांडले, म्हणजे विसळून गाडीत चढवायला बरे. आणि माझ्या शिस्तीप्रमाणे एकेकाचं झाकण स्वतःच्या हाताने घट्ट लावलं. या झाकणांबद्दल मला तेव्हा फार अभिमान वाटला.

वर कुठेतरी मध्य प्रदेशात रात्रभर पाऊस झाला होता. धरणाचे दरवाजे उघडले. भोंगा वाजला असणार, पण आमच्याकडे बँड असा जोरात होता की शेजारच्याचं ऐकायला त्याच्या तोंडाकडे बघावं लागत होतं. बायका कानबाईला निरोप देत डोळे पुसत होत्या. कानबाई पाण्यापर्यंत गेली आणि पाणी आपणहून चार पावलं वर आलं.

"संघपाल," भिकनभाऊ म्हणाले.

"थांबा हो, आरती चाललीय."

"बरं," ते म्हणाले आणि थांबले. आरती संपली. मग ते म्हणाले, "काही नही, आपले जार चालले म्हणून सांगत होतो."

मी वळून बघितलं. माझे जार एकामागे एक, ओळ न मोडता, मधल्या धारेला लागले होते. पुढे फुलं, मागे जार. काठावरच्या दोनतीन म्हाताऱ्यांना वाटलं, हाही विधीचाच भाग आहे. त्यांनी हात जोडले. सुंदरबाई मला म्हणाल्या, "चांगलं केलंस भाऊ, तुझंही काही सोडलंस."

झाकण उघडं असतं तर जार तिथल्या तिथे भरून बुडाला असता आणि आम्ही गळ टाकून काढला असता. पण झाकण घट्ट होतं. असा जार बुडत नाही, फुटत नाही, थांबत नाही. बैठकाही त्यांच्या मागोमाग गेल्या.

संध्याकाळी मी रिकामी गाडी घेऊन घरी आलो. प्रज्ञा दारात आली. "गेला का एखादा?"

मी म्हणालो, "एखादा असं नाही."

तिने गाडीत डोकावून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ही समुद्राचं नाव काढणार. पण तिने आधी मला पाणी दिलं, मग भिकनभाऊंना दिलं, आणि म्हणाली, "तुम्ही दोघं धड आलात हे पुष्कळ झालं." मी तिचा तेव्हाही ऋणी होतो, आजही आहे. फक्त स्वयंपाकघरात जाताना ती काहीतरी गुणगुणत होती, तेवढं मला खटकलं.

मी भिंतीला टेकून म्हणालो, "कायमचे गेले असं कुणी सांगितलं? नंबर आहे त्यांच्यावर."

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी फोन सुरू झाले.

पहिला भुसावळचा. "प्रज्ञाताई का? तुमचे चार जार आमच्या पुलाखाली झाडाला अडकलेत. घेऊन जा." मग पुढच्या गावचा, मग त्याच्या पुढच्या गावचा. पाणी जसजसं खाली जाईल तसतसा फोन खालच्या गावचा. आम्हाला पुराची बातमी टीव्हीआधी कळायला लागली. प्रज्ञा प्रत्येकाचे आभार मानायची, घरी कोण कोण आहे विचारायची, पूर घरात शिरला नाही ना विचारायची. एक जार सापडल्याच्या फोनवर ती पाऊण तास बोलायची. मी शेजारी बसून खुणा करायचो की पत्ता विचार, पत्ता.

मग मी आणि भिकनभाऊ गावोगाव हिंडलो. चोपड्याकडे मंजुळाबाई नावाच्या आजी जारवर बसून भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "झाकण घट्ट लावा असं लिहेल होतं, म्हणून म्या उघडलाच नही बाप्पा." शिरपूरकडे हितेंद्र नावाचे ग्रामसेवक माझा जार पाठीला बांधून पोहायला शिकत होते. वय पन्नाशीचं. मी काठावरून ओरडलो, "साहेब, जार माझा आहे." ते नदीच्या मधोमध होते. त्यांचा चेहरा बघून मी लगेच म्हणालो, "सावकाश या, घाई नाही." बाहेर आल्यावर त्यांनी जार सोडून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "आता मी पुन्हा पाण्यात जाणार नाही. पण तुमचे उपकार, इथपर्यंत तरी गेलो."

उपकार माझ्यावर होते. कुणी काही मागितलं नाही. उलट चहा पाजला, एकाने तर जार घासून ठेवला होता. मी प्रत्येकाला सांगितलं, मुक्ताईनगरला आलात तर थंड पाणी माझ्याकडून. जगात चांगली माणसं आहेत हे मी पूर्वीही म्हणायचो, पण ते म्हणायचं म्हणून. आता माझ्याकडे नावांसकट पुरावा होता.

करता करता सगळे जार आले. एक सोडून.

गणपती आले तरी त्या एका जारचा पत्ता नाही. मी रोज संध्याकाळी गाडी उतरवायचो, प्रज्ञा रोज दारात यायची. ती काही विचारायची नाही. नुसती उभी राहायची. न विचारता उभं राहणं हे विचारण्यापेक्षा वाईट असतं.

"येईल," मी म्हणायचो. "कायमचा गेला असं म्हणता येणार नाही."

"मी कुठे काय म्हणतेय?" ती म्हणायची.

आणि एके दिवशी जेवताना फोन आला. प्रज्ञाने उचलला आणि बराच वेळ नुसतं ऐकलं. मग माझ्याकडे दिला. "हिंदी बोलतोय. तुम्ही बोला."

मी माझ्या सरकारी हिंदीत सुरुवात केली. "नमस्कार. आप कौन महोदय बोल रहे हैं?"

पलीकडून एक माणूस बिचकून म्हणाला, "भाई, पुलिस है क्या?"

प्रज्ञाने फोन हिसकावून घेतला आणि सरळ आपल्या माहेरच्या बोलीत शिरली. "कोन बोलस भाऊ? काय सापडनं?" आणि पलीकडचा माणूस एकदम मोकळा झाला. तो अर्धी गुजराती, अर्धी हिंदी बोलत होता, ही अहिराणी बोलत होती, आणि दोघांचं असं जमलं की बघतच राहावं. माझ्या हिंदीला पोलीस समजणारा माणूस हिच्याशी हसायला लागला.

त्याचं नाव जीवराम. सुरतच्या पुढे, तापी जिथे समुद्राला मिळते तिथल्या गावात मासेमारी करायचा. त्याच्या जाळ्यात निळा जार आला होता. मध्ये उकाईचं एवढं मोठं धरण, ते त्याने कसं ओलांडलं तोच जाणे.

"बेन, और भी सामान आया है. मराठी में लिखा हुआ," जीवराम म्हणाला. फोन स्पीकरवर होता. "आपका है?"

प्रज्ञाला वाटलं, आमच्या त्या वाहून गेलेल्या बैठका असतील. ती मोठ्या मनाने म्हणाली, "हाव भाऊ, बठ्ठं आमनंच शे. जे जे सापडी ते जपीसन ठेवा. आम्ही लेवाले येसूत."

"सब?" जीवरामने विचारलं.

"बठ्ठं," प्रज्ञा म्हणाली.

फोन ठेवून ती माझ्यासमोर बसली. "आता सांगा. जार कायमचा गेला म्हणायचं का परत येणार म्हणायचं?"

मी विचार केला. कायमचा गेला म्हणावं, तर हिला समुद्र दाखवायला लागणार. परत येणार म्हणावं, तर आणायला समुद्रावर जावं लागणार. मी घासभर भाकरी तोंडात टाकली आणि बराच वेळ चावत राहिलो. अशा कोंडीत मी कधी सापडलो नव्हतो, आणि तीही स्वतःच्याच वाक्याच्या.

"दसरा होऊ दे," मी म्हणालो.

मधल्या काळात जीवरामचे फोन येत राहिले. "बेन, कब आओगे? सामान बढ़ गया है." आठ दिवसांनी पुन्हा, "सामान बहुत बढ़ गया है. रूपा पूछती है, छोटी गाड़ी लाओगे कि बड़ी?" रूपा म्हणजे त्याची बायको.

"एका जारचं सामान वाढेल कसं?" मी भिकनभाऊंना विचारलं.

भिकनभाऊंनी विचार केला. "मासे देत असतील. भेट."

ते मला पटलं. कोळ्याच्या घरी जाणार, तर तो मासे देणारच. आणि बड़ी गाड़ी म्हणतोय म्हणजे हात सैल सोडून देणार. माणूस एवढं प्रेमाने देतोय तर नाही कसं म्हणायचं? मी आठ जार बर्फाने गच्च भरले, झाकणं घट्ट लावली, आणि दसऱ्यानंतर आमचा छोटा हत्ती टेंपो सुरतच्या रस्त्याला लागला. पुढे आम्ही तिघं, मागे बर्फ, आणि जीवरामसाठी केळीचे दोन घड, शेतातून आणले तसेच, झाडावर घडाला घालतात त्या प्लास्टिकच्या पिशवीसकट.

प्रज्ञाने लग्नातली साडी नेसली होती. नशिराबाद येईपर्यंत तिने विचारलं, "समुद्र किती लांब?" धुळ्याला चहा घेताना पुन्हा विचारलं. चहावाला म्हणाला, "लई लांब, ताई." तर तिला आनंदच झाला. इतकी वर्षं थांबल्यावर ती गोष्ट जवळ असती तर तिला फसवल्यासारखं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. जीवराम वाटेवरच उभा होता. उन्हाने रापलेला, बारीक, माझ्याच वयाचा. शेजारी रूपाबेन. जयभीम, नमस्ते, केम छो, सगळं एकदम झालं. प्रज्ञा मात्र त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघत होती.

पलीकडे चिखल होता. नजर पोचेल तिथपर्यंत राखाडी चिखल आणि त्यावर आडव्या पडलेल्या होड्या.

"समुद्र कोठे गया?" तिने विचारलं.

"गया है," जीवराम म्हणाला. "शाम को आएगा."

प्रज्ञाने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, झालं, समुद्रसुद्धा माझ्यासारखाच निघाला, आता नाही, नंतर. पण जीवरामने समजावलं की इथलं पाणी ओहोटीला पार लांब जातं आणि भरतीला परत येतं. रोज. मी मनात त्या समुद्राला नमस्कार केला. त्याला जार परत करण्याचं महत्त्व कळत होतं.

तेवढ्यात रूपाबेनने केळी घेतली, खूश झाली, घडांवरच्या प्लास्टिकच्या पिशव्या काढल्या, नीट घड्या केल्या आणि घरामागे गेली. "आओ, सामान दिखाती हूँ," ती म्हणाली.

मी भिकनभाऊंना डोळ्याने खूण केली. भिकनभाऊ बर्फाचा एक जार उचलून माझ्या मागे निघाले.

घरामागे ढीग होता. घराएवढा नव्हता, पण घराची बरोबरी करत होता. वरती माझा निळा जार राजासारखा बसवला होता, आणि खाली सगळं प्लास्टिक. रूपाबेनने आमच्या घडांवरच्या ताज्या पिशव्याही त्यावरच ठेवल्या. मग माझं लक्ष गेलं, तशाच पिशव्या त्या ढिगात किती होत्या. केळीच्या पिशव्या, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, वेफर्सची पाकिटं, शेवेच्या पुड्या, लग्नातली ताटं, एका मंडपवाल्याची खुर्ची, चपला, आणि कुठल्या तरी भाऊंना वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारा फ्लेक्स. त्यावरचे भाऊ हसत होते. ते समुद्रापर्यंत पोचले होते आणि बहुतेक त्यांना माहीतही नव्हतं.

सगळा आमचा जिल्हा तिथे आला होता. फक्त नाव आणि नंबर माझ्या एकट्याचा होता.

"ये मछली नहीं है," मी म्हणालो. यापेक्षा शहाणं काही सुचलं नाही.

"मछली?" जीवराम म्हणाला. "बेन ने बोला था सब हमारा है, सँभाल के रखो. हमने रखा. जाल में आया वो भी, किनारे पे आया वो भी."

मी गडबडीने खुलासा करायला तोंड उघडलं. भाऊ, आमचा फक्त जार. आणि दोनचार बैठका. बाकीच्याशी आमचा काय संबंध? हे सगळं वाक्य माझ्या ओठावर होतं, आणि त्यात एक शब्द खोटा नव्हता.

तेवढ्यात जीवराम आपलं जाळं उचलून दाखवायला लागला. जागोजागी शिवलेलं होतं. "पहले मछली से भारी होता था," तो म्हणाला. त्यात तक्रार नव्हती, हवामान सांगावं तसं तो सांगत होता. "इतने साल से ऊपर से आ रहा है. हम निकालते हैं, फिर आता है. आज तक कोई नहीं बोला कि मेरा है. बेन पहली है. रूपा को बहुत अच्छा लगा. सबको बताया उसने."

रूपाबेन प्रज्ञाकडे बघून हसली. अंगणाच्या कडेला आजूबाजूच्या चार बायका येऊन उभ्या होत्या. त्या 'माझं आहे' म्हणणाऱ्या बाईला बघायला आल्या होत्या.

मी तोंड मिटलं. मला लाज वाटली आणि त्याच वेळी प्रज्ञाचा फार अभिमान वाटला, जरी ती हे सगळं बैठकांच्या नादात बोलून गेली होती. मी तिच्याकडे बघितलं. तिनेही ढीग बघितला होता, तिलाही सगळं कळलं होतं. तिने पदर खोचला.

"भिकनभाऊ," ती म्हणाली, "टेंपो मागे घ्या."

भिकनभाऊंनी हातातल्या बर्फाच्या जारकडे बघितलं. "याचं काय करू?"

"सरबत," मी म्हणालो.

मग आम्ही सगळे भरायला लागलो. शेजारच्या बायका आल्या, त्यांचे नवरे आले, रूपाबेनने गुजराती गाणं धरलं, प्रज्ञाने अहिराणी धरलं, आणि मध्ये मध्ये माझ्या बर्फाचं लिंबू सरबत. लग्नाच्या हंगामातही माझं पाणी इतक्या समाधानाने कुणी प्यायलं नव्हतं. फ्लेक्सवरच्या भाऊंना भिकनभाऊंनी ढिगावर ताडपत्रीसारखं पसरवून दोरीने आवळलं. भाऊ आकाशाकडे बघून हसत राहिले.

शेवटची गाठ मारून मी मागे बघितलं, तर प्रज्ञा नव्हती.

ती किनाऱ्यावर उभी होती. चिखल नाहीसा झाला होता. पाणी आलं होतं, आणि येतच होतं, होड्या एकेक उठून उभ्या राहत होत्या. साडी घोट्यापर्यंत भिजली होती आणि तिला पत्ता नव्हता. मी शेजारी जाऊन उभा राहिलो.

"केवढा शे हाऊ," ती म्हणाली.

इतकी वर्षं मी हे हिला दाखवलं नव्हतं, लग्नसराईसाठी, भरीत पार्टीसाठी. एक जार माझ्याआधी शहाणा झाला आणि निघून आला. मी त्या जारचे मनापासून आभार मानले. जीवरामचे मानले. हतनूरच्या दरवाजांचेही मानले.

"आईला सांगते," ती म्हणाली, "पाणी पोचतं म्हणून."

रात्री रूपाबेनने जेवायला घातलं. मासे होतेच. मोजके होते, पण ताटात सगळ्यांना आले. सकाळी निघताना ती आणि प्रज्ञा अशा गळ्यात पडल्या की जणू एकाच घरात वाढल्या.

मुक्ताईनगरच्या चौकात टेंपो शिरला तेव्हा गर्दी जमली. ताडपत्रीवरचे भाऊ लांबूनच ओळखू येत होते. त्यांचे दोन कार्यकर्ते धावत आले आणि विचारायला लागले की आमच्या भाऊंचा बॅनर गुजरातमध्ये कुणी लावला. एका मंडपवाल्याने आपली खुर्ची ओळखली आणि मुकाट्याने काढून नेली. घंटागाडीवाला मात्र अडून बसला. "संघपालभाऊ, हा कचरा समुद्रातला आहे. आमच्या हद्दीत बसत नाही."

मी एक शेवेची पुडी त्याच्यापुढे धरली. "वाच. पत्ता कुठला आहे?"

त्याने वाचला. पत्ता त्याच्याच गल्लीतला होता. मग त्याने गाडीचं दार उघडलं.

बरंचसं भंगारवाल्याकडे गेलं, बाकीचं घंटागाडीने चार फेऱ्यांत नेलं. अंगण रिकामं झालं. मी छाती काढून दारात उभ्या असलेल्या प्रज्ञाला म्हणालो, "बघितलंस? माझा जार परत येतो. येताना सगळा जिल्हा घेऊन आला."

"हो," ती म्हणाली. "कुठाय?"

मी टेंपोत बघितलं. बर्फाचे आठ जार होते, रिकामे. नववा नव्हता. ढिगाच्या टोकावर राजासारखा बसवलेला तो जार, भरायला सुरुवात करताना प्रज्ञानेच उतरवून बाजूला ठेवला होता. मला आता स्पष्ट आठवलं. रूपाबेनच्या तुळशीजवळ.

"तिथेच राहिला," मी म्हणालो.

"राहिला वाटतं," ती म्हणाली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. जीवराम. "बेन, आपका जार रह गया. और सुनो, सामान फिर आने लगा है. कब आओगे?"

"येसूत भाऊ," प्रज्ञा म्हणाली. "जपीसन ठेवा."

तिने फोन ठेवला आणि आत निघाली. मी मागून विचारलं, "अगं, विसरलीस की मुद्दाम ठेवलास?"

ती उंबऱ्यात थांबली. "काळजी करू नका," ती म्हणाली, "झाकण घट्ट लावलंय."